अट गेली, नाव राहिलं

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या कार्यालयातून २२ जुलै १९९९ रोजी एक छोटं पत्र निघालं. खाली सही विल्यम हॉस्किन्स यांची, तंत्रज्ञान परवाना कार्यालयाचे संचालक म्हणून. बीएसडी युनिक्स, म्हणजे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची बर्कलीत घडलेली आवृत्ती, वापरणाऱ्या आणि वाटणाऱ्या सगळ्यांना उद्देशून लिहिलेल्या त्या पत्रात म्हटलं होतं की लायसन्समधली जाहिरातीची अट आता पाळण्याची गरज नाही, आणि ज्या फाइलींमध्ये ते कलम असेल तिथून ते पूर्णपणे वगळलं आहे असं समजावं. एवढंच. त्या एका परिच्छेदाने जगभरच्या असंख्य यंत्रांवर पडून असलेल्या हजारो फाइलींचं लायसन्स बदललं.

विद्यापीठांच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की मी लोकांना आधी या पत्राबद्दल सांगतो. त्यामागे कारण आहे. मी एका विद्यापीठात सॉफ्टवेअर लिहिण्याचं आणि सांभाळण्याचं काम करतो. आमच्याकडच्या एका जुन्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बदलण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला वाटलं होतं की एक फाइल काढून दुसरी ठेवायची आणि कुलसचिवांची सही घ्यायची. प्रत्यक्षात ते काम मला कुठे कुठे घेऊन गेलं, ते पुढे येईलच. पण आधी बर्कली.

जाहिरातीची ती अट ऐकायला अगदी माफक होती. या सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा किंवा वापराचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत ‘या उत्पादनात कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली आणि तिथल्या सहयोगींनी विकसित केलेलं सॉफ्टवेअर आहे’ अशा अर्थाचं वाक्य छापायचं. पैसे मागितले नव्हते, परवानगी मागायची नव्हती. फक्त नाव घ्या. आणि हे नाव मागण्याचा बर्कलीचा हक्क मोठा होता. युनिक्स तिथे १९७४ मध्ये पोचलं ते एटी अँड टी या टेलिफोन कंपनीकडून. बिल जॉय आणि त्याच्यासारख्या विद्यार्थ्यांनी त्यात इतकी भर घातली की १९७८ पासून बर्कलीच्या टेपा इतर विद्यापीठांत जाऊ लागल्या. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, म्हणजे दार्पाने, पैसा दिला आणि टीसीपी-आयपीची, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या नियमांची, जी अंमलबजावणी बर्कलीत झाली तिच्यावर इंटरनेटचा बराचसा पाया उभा राहिला. पण मुळातला कोड एटी अँड टीचा असल्यामुळे बर्कलीची टेप घेणाऱ्याला आधी एटी अँड टीचं लायसन्स विकत घ्यावं लागे, आणि त्याची किंमत वाढत चालली होती.

म्हणून जून १९८९ मध्ये बर्कलीने फक्त स्वतः लिहिलेला नेटवर्किंगचा भाग वेगळा काढला आणि मोकळ्या लायसन्सखाली दिला. टेपसाठी एक हजार डॉलर. पण एकाने घेतली की त्याने ती शंभर जणांना फुकट वाटली तरी विद्यापीठाची हरकत नव्हती. तरीही शेकडो संस्थांनी ती विकत घेतली.

यानंतर जे घडलं तो या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग. कीथ बॉस्टिक नावाच्या तिथल्या प्रोग्रामरने ठरवलं की उरलेलं सगळंही मोकळं करायचं. म्हणजे युनिक्सच्या शेकडो छोट्यामोठ्या आज्ञावली एटी अँड टीच्या कोडकडे न बघता, त्यांच्या जाहीर वर्णनावरून, पहिल्यापासून लिहायच्या. हे करायला माणसं कुठून आणायची? त्याने लोकांनाच हाक दिली. मोबदला काय, तर ज्याने जी आज्ञावली लिहिली तिच्यापुढे बर्कलीच्या सहयोगींच्या यादीत त्याचं नाव. दुसरं काही नाही. सुरुवातीला थोडेच आले, पण दीड वर्षात जवळजवळ सगळ्या महत्त्वाच्या आज्ञावली पुन्हा लिहून झाल्या होत्या. जून १९९१ मध्ये त्या सगळ्या एकत्र बाहेर पडल्या. एटी अँड टीच्या उपकंपनीने कोर्टात खेचलं. १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली तेव्हा सुमारे अठरा हजार फाइलींपैकी फक्त तीन काढाव्या लागल्या.

नावासाठी माणसं काम करतात हे आपण सहसा कमीपणाने बोलतो. मला त्यात काही कमी वाटत नाही. रात्र रात्र जागून कुणीतरी ‘सॉर्ट’ लिहावं, आणि त्या बदल्यात एका यादीत आपलं नाव यावं एवढीच अपेक्षा ठेवावी, यात मला मोठी प्रतिष्ठा दिसते. विद्यापीठ नावाची गोष्ट चालते ती याच इच्छेवर. शोधनिबंधाखाली नाव, प्रबंधावर नाव, ऋणनिर्देशात नाव.

म्हणूनच जाहिरातीची अट आली असणार, आणि म्हणूनच ती गैरसोयीची ठरायला काही वर्षं लागली. अडचण बर्कलीच्या एका वाक्यात नव्हती. बर्कलीचं लायसन्स पाहून इतरांनी ते उचललं, आणि ‘कॅलिफोर्निया विद्यापीठ’च्या जागी प्रत्येकाने आपलं नाव घातलं. इथे दुसरं विद्यापीठ, तिथे एखादी कंपनी, पलीकडे एकटा प्रोग्रामर. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी नेटबीएसडी या बीएसडीवरूनच निघालेल्या सिस्टिमच्या १९९७ च्या आवृत्तीत अशी वाक्यं मोजली, तर ती ७५ भरली. म्हणजे नेटबीएसडीवर चालणाऱ्या यंत्राची जाहिरात द्यायची तर कायद्याने पंचाहत्तर आभार छापायचे. शिवाय जीपीएल, म्हणजे बदललेली प्रतही त्याच अटींवर कोडसह वाटायला लावणारं स्टॉलमन यांचं लायसन्स, वरून नवी अट घालू देत नाही, त्यामुळे या अटीचा कोड आणि जीपीएलचा कोड एकाच प्रोग्राममध्ये मिसळून वाटता येत नव्हता. दोन्हीकडे मोकळ्या मनाने दिलेला कोड, पण मध्ये एका वाक्याची भिंत.

स्टॉलमन यांनी बर्कलीतले अधिष्ठाता हॅल व्हॅरियन यांच्याशी बोलून हा मुद्दा विद्यापीठाच्या आत नेला. सुमारे दोन वर्षं तो आतल्या आत फिरत राहिला आणि मग हॉस्किन्स यांचं ते पत्र निघालं. दोन वर्षं एका वाक्यासाठी. विद्यापीठात काम केलेल्या कुणालाही ही मुदत फार वाटणार नाही.

पत्राने काय काढलं हे सगळे सांगतात. पण काय ठेवलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, वाटलात तर त्यावरची स्वामित्वहक्काची नोंद तशीच ठेवायची, ही अट राहिली. नुसता चालवायचा प्रोग्राम वाटलात तर सोबतच्या कागदपत्रांत ती नोंद द्यायची, हीही राहिली. आणि विद्यापीठाचं नाव वापरून, त्याच्या लेखी परवानगीशिवाय, आपल्या मालाची शिफारस केल्याचा आव आणायचा नाही, ही तिसरी राहिली. म्हणजे कामावरचं नाव कुणी पुसू शकत नाही. फक्त ते नाव दुसऱ्याच्या फलकावर रंगवून घेण्याचा आग्रह विद्यापीठाने सोडला.

यात आणखी एक मेख होती, ती तेव्हा अनेकांच्या लक्षात आली नाही. विद्यापीठाने अट काढली ती स्वतःच्या कोडवरची. ज्या इतरांनी ते लायसन्स उचलून आपलं नाव घातलं होतं, त्यांच्या अटी तशाच राहिल्या. ज्याची अट त्यानेच काढायची. नेटबीएसडीच्या प्रतिष्ठानने आपल्या कोडवरची ती अट २००८ मध्ये काढली.

आता आमच्याकडचं. आमच्या विभागात विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदींवर काम करणारं एक सॉफ्टवेअर आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर विहिरीत पाणी किती खोल आहे याची मोजमापं भरायची, गावाच्या पाणलोटाचा नकाशा आणि पावसाचे आकडे द्यायचे, आणि जमिनीत किती पाणी मुरलं, किती उपसलं गेलं याचा अंदाज घ्यायचा. सुरुवात एका सरांच्या फोरट्रान प्रोग्रामने झाली. मग एम.टेक.च्या बॅचमागून बॅच त्यात भर घालत गेल्या. कुणी नकाशे जोडले, कुणी सगळं पायथनमध्ये आणलं, कुणी मराठीत अहवाल छापण्याची सोय केली. लायसन्स म्हणून पहिल्यापासून एकच ओळ होती: फक्त शैक्षणिक आणि बिगरव्यापारी वापरासाठी.

ती ओळ लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. कुणी कंपनीने घेऊन विकू नये. पण दुष्काळी तालुक्यांत पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेने विचारलं, आम्ही हे वापरू शकतो का? आम्हाला सरकारी योजनेतून कामाचे पैसे मिळतात, मग आमचा वापर व्यापारी धरायचा का? याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. विद्यापीठाच्या कार्यालयाने सावधपणे ‘नाही’ म्हणून कळवलं. ज्या गावांच्या विहिरी मोजून हे सॉफ्टवेअर तयार झालं, त्याच गावांत काम करणाऱ्या माणसांना ते वापरता येईना. हे मला फार लागलं. अजूनही आठवलं की राग येतो.

संदिग्ध ओळ किती महागात पडते याचं उदाहरण अमेरिकेतच आहे, आणि ते बर्कलीच्या अगदी उलट टोकाला आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये पाइन नावाचा ईमेल प्रोग्राम सुरू झाला. नव्वदच्या दशकात जगभरच्या विद्यापीठांत, आपल्याकडेही, कित्येक जणांनी पहिला ईमेल पाइनमध्ये वाचला. त्यात पत्र लिहिण्यासाठी पिको नावाचा साधा संपादक होता. पाइनच्या जुन्या लायसन्समध्ये वापरायला, नक्कल करायला, बदल करायला आणि वाटायला परवानगी दिली होती. कुणालाही वाटेल की बदल करून वाटलं तर चालतं. पण विद्यापीठाने नंतर अर्थ लावला की बदल करायची परवानगी वेगळी आणि वाटायची वेगळी. बदललेली प्रत वाटायची परवानगी यात नाही. लायसन्सचा एक शब्दही तेव्हा बदलला नव्हता, बदलला होता तो अर्थ. परिणाम असा की डेबियनसारख्या लिनक्स वितरणांना पाइन आणि पिको तयार रूपात देता येईना.

क्रिस अॅलेग्रेटा या तरुणाला याच अडचणीने पछाडलं, आणि त्याने १९९९ मध्ये पिकोसारखा वागणारा एक संपादक अगदी पहिल्यापासून लिहिला. आधी नाव होतं टिप, २००० च्या जानेवारीत ते नॅनो झालं. आज अनेक लिनक्स यंत्रांवर नवख्या माणसाला फाइल उघडायला सांगितली तर नॅनोच उघडतो. वॉशिंग्टन विद्यापीठाने पुढे पाइनची नवी पिढी अल्पाइन नावाने अपाची लायसन्सखाली मोकळी केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००७ च्या डिसेंबरात आली. निर्णय योग्यच होता. पण पिकोची जागा तोवर नॅनोने घेतली होती.

मिनेसोटा विद्यापीठाच्या गोफरचं याहून वाईट झालं. १९९१ मध्ये आलेला गोफर म्हणजे इंटरनेटवरची माहिती याद्यांमधून उघडत जाण्याची सोय, आणि सुरुवातीला तो वेबपेक्षा जास्त वापरात होता. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं की आमच्या गोफर सर्व्हरसाठी काही वापरकर्त्यांना शुल्क पडेल. त्याच वर्षी ३० एप्रिलला जिनेव्हाजवळच्या सर्न या अणुसंशोधन संस्थेने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी पूर्ण मोकळं केलं. गोफर मागे पडण्याची इतरही कारणं होती: वेबमध्ये चित्रं होती, मजकुरातच दुवे होते. पण त्या शुल्काच्या बातमीने लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. गोफर सर्व्हर २००० मध्ये जीपीएलखाली आला. सात वर्षांनी.

मिनेसोटाच्या माणसांना मी दोष देत नाही. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना घेता येऊ लागली, आणि प्रत्येक मोठ्या विद्यापीठात परवाने विकणारी कार्यालयं उभी राहिली. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या गटालाही पगार लागतात. विद्यापीठ विचारणारच, याचा खर्च कोण उचलणार? प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर, लोकांच्या हातात आधीच पडलेल्या गोष्टीवर मागाहून दर लावून मिळत नाही.

आमच्या सॉफ्टवेअरसाठी मी आणि सरांनी तीन कलमी बीएसडी लायसन्स सुचवलं, म्हणजे हॉस्किन्स यांच्या पत्रानंतर उरलेलंच. विभागात यावर खूप वाद झाले आणि ते चांगले झाले. एका सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की जीपीएल घ्या, नाहीतर एखादी सल्लागार कंपनी हे उचलेल, वरून आपले बदल लपवेल आणि सरकारलाच महाग विकेल. ही भीती खोटी नाही. बीएसडीचा कोड बंद उत्पादनांत गेला आहेच. दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरसाठी मी स्वतःच जीपीएलच्या बाजूने उभा राहीन. इथे मात्र आम्हाला छोट्या संस्था, भूजलाची कामं करणारे कंत्राटदार आणि सरकारी कार्यालयं या सगळ्यांच्या मनातली धास्ती घालवायची होती. आणि कुणी त्यावरून बंद उत्पादन केलं, तरी आमची प्रत मोकळी राहतेच. वरिष्ठ कार्यालयाला पटलं ते मात्र तिसऱ्या कलमामुळे. विद्यापीठाचं नाव परस्पर वापरता येणार नाही, हे वाचल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांची शंका फिटली.

मग खरा प्रश्न आला: हे बदलायचा अधिकार कुणाचा? आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारी संस्था. म्हणजे सरांचा आणि माझा कोड विद्यापीठाचा. पण विद्यार्थी नोकर नसतो. त्याने प्रकल्पासाठी लिहिलेला कोड, त्याने लेखी सोडलेला नसेल, तर त्याचाच. हक्क लिहून दिला असेल तरी त्या लिखाणात मुदत नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आमच्याकडे बहुतेक मुलांचं काहीच लिहून घेतलेलं नव्हतं. सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, तसं झालं. एकाही हिस्सेदाराला वगळून व्यवहार होत नाही.

मोठ्या प्रकल्पांनाही यातून सुटका नाही. कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे प्रोग्राम, बनवण्यासाठी आज जगभर वापरला जाणारा एलएलव्हीएम हा संच इलिनॉय विद्यापीठात २००० साली क्रिस लॅटनर आणि त्याचे मार्गदर्शक विक्रम आडवे यांनी सुरू केला. आडवे हे पवईच्या आयआयटीचे १९८७ चे बी.टेक. एलएलव्हीएमचं लायसन्सही विद्यापीठाच्याच नावाचं होतं, बीएसडीच्या वळणाचं. पुढे कंपन्या त्यात उतरल्या तशी पेटंटची काळजी वाढली, कारण जुन्या लायसन्समध्ये पेटंटबद्दल स्पष्ट काही नव्हतं. २०१५ मध्ये, पेटंटचीही परवानगी स्पष्ट देणाऱ्या अपाची लायसन्सकडे जाण्याची चर्चा उघडपणे सुरू झाली. २०१९ च्या जानेवारीपासून येणारा नवा कोड नव्या लायसन्सखाली घेतला जाऊ लागला. आणि आधीचा? त्यासाठी जुन्या प्रत्येक सहयोगीला आणि प्रत्येक कंपनीला शोधून संमती मागायची, आणि जे सापडणार नाहीत किंवा नाही म्हणतील त्यांचा कोड ओळखून पुन्हा लिहायचा. वर्षानुवर्षं चाललेलं हे काम आहे. लॅटनर, आडवे आणि इव्हान चेंग यांना २०१२ मध्ये एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा सॉफ्टवेअर पुरस्कार मिळाला. इतका गौरव झालेल्या प्रकल्पालाही दारोदार सह्या मागत फिरावं लागलं.

आम्हीही फिरलो. जुने हजेरीपट, प्रबंधांची पहिली पानं, कोडच्या वरच्या टिपणी, सरांची आठवण. मुलं कुठे कुठे होती. हिंजवडी, बंगळूर, म्युनिक, टोरंटो, एक जण कोकणात आंब्याची बाग बघतोय. जवळजवळ सगळ्यांनी लगेच होकार दिला, आणि नुसता होकार नाही. एकीने आपल्या जुन्या कोडमधली एक चूक अजून आहे का असं विचारलं, आणि होती म्हटल्यावर दुरुस्त करून पाठवली. एकाने मात्र नाही म्हटलं. त्याच्या कंपनीच्या नियमांमुळे त्याला असं काही सही करता येत नव्हतं. त्याचा भाग मी पुन्हा लिहिला, त्याच्या कोडकडे न बघता, प्रबंधातल्या सूत्रांवरून. कीथ बॉस्टिकच्या माणसांनी जे शेकडो आज्ञावलींसाठी केलं ते मी एका छोट्या भागासाठी केलं, आणि तेवढ्यातही त्या लोकांबद्दलचा आदर दुणावला.

आणि एक मुलगा हयात नव्हता. पाणलोटाची हद्द नकाशावरून आपोआप काढण्याचा भाग, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरचा कणाच, त्याने लिहिला होता. नोकरीला लागल्यावर थोड्याच काळात अपघातात गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो आणि तो वारसांकडे जातो. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. मृत्युपत्र असण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गातली वारस आहे, वडील दुसऱ्या वर्गातले. म्हणजे सही त्याच्या आईची लागणार होती.

विभागात कुणीतरी म्हणालं, कशाला त्यांना त्रास द्यायचा, कोण विचारणार आहे? मला ते मान्य नव्हतं. ज्याला विचारणं सर्वांत अवघड, त्यालाच न विचारता पुढे जायचं, तर बाकीच्यांना तरी का विचारलं? मी आधी फोन केला आणि मग सांगली जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी गेलो. कागद मी मराठीत लिहून नेला होता. काकांनी तो दोनदा वाचला आणि काकूंकडे दिला.

काकूंनी विचारलं, “म्हंजे हे आता कुणीबी वापरायचं?”

“हो काकू. पाण्याचं काम करणारं कुणीही.”

“आणि पैसं?”

“वापरायला कुणाकडून घ्यायचे नाहीत. पण कुणी त्यावर स्वतःचं काम करून पैसे कमावले, तर आपण अडवायचं नाही.”

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “आणि त्याचं नाव? ते ठेवणार का काढणार?”

मी त्यांना लायसन्सचं पहिलं कलम दाखवलं. नाव काढायची कुणालाच परवानगी नाही. ज्याने हे घेतलं, त्याने पुढे दिलं, त्याच्याकडून तिसऱ्याने घेतलं, तरी त्या फाइलवर त्यांच्या मुलाचं नाव राहणार. काका म्हणाले, “मग कर की सही.” काकूंनी सही केली. निघताना त्यांनी विचारलं की आपल्या गावच्या विहिरी यात घालता येतील का. घालता येतात. त्या आता आहेत.

त्या परतीच्या प्रवासात मला बर्कलीचं पत्र नव्याने कळलं. विद्यापीठाला वाटतं की नाव टिकवायचं तर हक्क घट्ट धरायला हवा, लोकांकडून वदवून घ्यायला हवं. आणि काम करणाऱ्याला, त्याच्या आईला, हवं असतं ते एवढंच की पुसू नका. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि चांगलं लायसन्स त्या वेगळ्या करू शकतं. बर्कलीने जाहिरातीतलं वाक्य सोडलं, तरी आज कितीतरी उपकरणांच्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर कॅलिफोर्निया विद्यापीठाचं नाव असतंच.

आपल्याकडेही याचं एक सुंदर उदाहरण आहे. राज्य मराठी विकास संस्थेने यशोमुद्रा हा टंक, म्हणजे फॉन्ट, खुल्या परवान्याखाली दिला. त्यातल्या देवनागरीवरून आयआयटी मुंबईत शोभिका हा टंक तयार झाला, संस्कृत आणि जुने ग्रंथ छापणाऱ्यांसाठी, आणि तोही खुला. कुणाला कुणाच्या मागे सहीसाठी जावं लागलं नाही, कारण परवाना सुरुवातीलाच नीट दिलेला होता. आणि शोभिकाच्या परवान्यात यशोमुद्राची नोंद आहे.

आमचं सॉफ्टवेअर आता नव्या लायसन्सखाली आहे. त्या पाणलोटाच्या संस्थेने ते वापरायला सुरुवात केली आणि पहिल्याच हंगामात खडकाळ जमिनीसाठीची आमचं एक गृहीतक चुकीचं असल्याचं आकड्यांनिशी दाखवून दिलं. ते बदल आम्ही घेतले आणि सहयोगींच्या यादीत त्यांची नावं घातली. कोणत्याही शोधनिबंधाच्या परीक्षकाने आम्हाला इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

आता नव्या बॅचला पहिल्याच आठवड्यात एक पानी कागद देतो. तुझा कोड तुझाच आहे, तो तू या लायसन्सखाली सगळ्यांना देतो आहेस, जगभर आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी. फाइलवर तुझं नाव राहील. आणि सही करणं सक्तीचं नाही. सक्ती नाही हे ठळक लिहावं असा आग्रह मी धरला, कारण गाइडसमोर बसलेला विद्यार्थी सहसा नाही म्हणत नाही. ज्याला सही करायची नसेल त्याला वेगळा, स्वतंत्र प्रकल्प मिळतो आणि गुणांत काही फरक पडत नाही.

यंदा एका मुलीने विचारलं, “सर, पुढे मी याच्यावर माझी स्वतःची कंपनी काढली तर चालेल का?” चालेल. तिच्या कोडवर आणि इतर सगळ्यांच्याही. नावं राखायची, बस. तिने कागद घरी नेला, दोन दिवसांनी सही करून आणला आणि सुचवलं की काकूंसाठी केला होता तसा मराठी मसुदा सगळ्यांनाच इंग्रजीसोबत द्यावा, कारण घरी वडिलांना समजावताना तिची तारांबळ उडाली होती. तो मसुदा सध्या तीच लिहिते आहे.